खुनी कोण, ते मी सांगणार नाही

प्रश्न असा आला आहे: “तुम्ही इतकी वर्षं ग्रंथपाल. हवं ते पुस्तक हाताशी. तरी तुम्ही सारख्या रहस्यकथाच वाचता, असं ऐकलं. त्यात काय मिळतं? तो नुसता वेळ घालवायचा प्रकार नाही का? आणि आमची मुलगी सातवीत आहे, तिला रहस्यकथांची गोडी लावायची तर सुरुवात कशाने करावी?”

सारख्या रहस्यकथाच वाचते, हे खरं नाही. पण दिवसभर देवघेवीच्या टेबलावर बसून घरी गेल्यावर हात आपोआप त्यांच्याकडे जातो, हे खरं आहे. कारण सांगते.

इतर कादंबरीत लेखक जे सांगेल ते आपण मानून चालतो. नायिका दुःखी आहे म्हटलं की ती दुःखी. रहस्यकथेत तसं चालत नाही. “रात्री दहाला खिडकी बंद होती” असं वाक्य आलं की सावध वाचक लगेच विचारतो: हे म्हणतंय कोण? त्याने स्वतः पाहिलं, की नोकराकडून ऐकलं? दहा कोणाच्या घड्याळात? लेखकावर विश्वास न ठेवता, तरीही त्याचं बोट न सोडता वाचायचं असं हे एकच लेखन मला ठाऊक आहे. आणि माझ्या कामात मला दुसरं काय करायचं असतं? वाचक येतात आणि सांगतात, “मॅडम, ते निळ्या कव्हरचं पुस्तक, त्यात एक विधवा बाई असते आणि शेवटी वाडा पडतो. लेखकाचं नाव गो-वरून आहे.” कव्हर निळं नसतं, लेखक गो-वरून नसतो आणि बाई विधवा नसून परित्यक्ता असते. वाडा मात्र खरंच पडतो. त्या एका वाड्यावरून पुस्तक काढून दिलं की जो आनंद होतो, तो गुप्तहेराच्या आनंदाहून फार वेगळा नसावा.

हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात साधारणपणे एडगर ॲलन पो यांच्या १८४१ सालच्या कथेपासून धरतात. त्या कथेतला निवेदक आणि गुप्तहेर द्युपाँ यांची पहिली भेट कुठे होते? पॅरिसमधल्या एका आडबाजूच्या ग्रंथालयात. दोघेही एकच दुर्मिळ पुस्तक शोधत आलेले असतात. म्हणजे साहित्यातला पहिला मोठा गुप्तहेर आम्हाला भेटतो तो वाचनालयाचा वर्गणीदार म्हणून. शेरलॉक होम्सही खोलीत नोंदींच्या जाडजूड वह्या ठेवतो. नाव निघालं की वॉटसनला ती वही काढायला सांगतो. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या गोष्टींत सिधूज्याठा नावाचे एक म्हातारे गृहस्थ आहेत. वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवून ठेवलेली, आणि स्मरणशक्ती अशी की फेलूदा अडला की त्यांच्याकडेच जातो. फेलूदा सगळ्यांना आवडतो, मला सिधूज्याठा आवडतात. आमच्या व्यवसायातले आहेत ते, फक्त पगार नाही.

होर्हे लुई बोर्हेस तर खरेखुरे ग्रंथपाल. १९५५ साली ते अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे संचालक झाले, आणि तोवर त्यांना वाचण्याइतकंही दिसेनासं झालं होतं. पण त्याआधीच त्यांनी स्वतः गुप्तहेरकथा लिहिल्या होत्या आणि बियॉय कासारेस या मित्राबरोबर रहस्य कादंबऱ्यांची एक मालिका संपादित करायला घेतली होती. जगातल्या अत्यंत विद्वान लेखकांपैकी एकाला हा प्रकार हलका वाटला नाही. वाचनालयाच्या कार्यकारिणीत कुणी “रहस्यकथांवर कशाला पैसे घालवता” म्हणालं की मी हे उदाहरण देते. फारसा उपयोग होत नाही. मग मी ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन काढते. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले; त्यातला दुसरा ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’. वाचकाला ‘योग्य’ ग्रंथ, असं त्यांनी म्हटलेलं नाही. त्याचा ग्रंथ. यावर सहसा कोणी बोलत नाही.

आता ‘वेळ घालवायचा प्रकार’ याबद्दल. त्याचं उत्तर कोणती रहस्यकथा यावर आहे, कारण आपल्याकडे तीन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच कपाटात कोंबलेल्या असतात. “एखादी चांगली रहस्यकथा द्या” असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, तुम्हाला शोधायचं आहे, धावायचं आहे, की घाबरायचं आहे? लोक हसतात, पण उत्तर लगेच देतात. ज्याला शोधायचं आहे त्याच्या हाती नारायण धारपांचं भयकथांचं पुस्तक दिलं तर तो दुसऱ्या दिवशी नाराज होऊन परत येतो, कारण तिथे उलगडा नसतो, समोर उभं ठाकलेलं अमानुष काहीतरी असतं. आणि ज्याला रात्री दिवा लावून झोपायचं आहे त्याला अगाथा ख्रिस्ती दिली तर तो म्हणतो, “सगळे नुसते चहा पीत बोलतायत.”

घाबरायचं असेल तर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी, तिसरं नाव शोधायची फारशी गरज नाही. त्यातही फरक आहे. धारपांची भीती बाहेरून येते, मतकरींची बऱ्याचदा माणसाच्या आतून, चांगल्या घरातून, हसऱ्या नवऱ्यातून. मला मतकरी जास्त छळतात. धारपांच्या कथेवरून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ चित्रपट २०१८ साली आला, तेव्हा मराठी कधी न वाचलेली पोरं धारप मागायला आली होती. त्यातली काही टिकली.

धावायचं असेल तर बाबुराव अर्नाळकर. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांच्या नायकांची नावं घेतली की आजही सत्तरी ओलांडलेल्या वाचकांचे चेहरे बदलतात. मी स्पष्टच सांगते, अर्नाळकरांच्या गोष्टी शोध म्हणून वाचायला गेलात तर निराश व्हाल. खुन्याचा माग काढायला पुरेसे दुवे वाचकाला मिळतच नाहीत; झुंजार ऐन वेळी कुठून तरी उगवतो आणि सुटतो. पण ते लिहीत होते तो गिरणीच्या पाळीवरून परतलेल्या, चाळीच्या जिन्यात दिव्याखाली बसून वाचणाऱ्या माणसासाठी. छोटी वाक्यं, छोटी प्रकरणं, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दार उघडलेलं. अक्षरओळख जेमतेम असलेल्या माणसाला दोन तास खिळवून ठेवणं हे काम त्यांनी हजार वेळा केलं. आपल्याकडच्या कितीतरी माणसांनी शाळेबाहेरचं पहिलं पुस्तक वाचलं ते त्यांचं. पुढे गुरुनाथ नाईक आले. त्यांचीही संख्या हजाराच्या पुढची, आणि त्यांचा कॅप्टन दीप वाचत मोठी झालेली पिढी आता निवृत्त होतेय. मग सुहास शिरवळकर. बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद हे त्यांचे नायक. शिरवळकरांचा संवाद सणसणीत असतो, आणि अमर विश्वासच्या कोर्टातल्या प्रसंगांत थोडा शोधही सापडतो. त्यांच्याच ‘दुनियादारी’चा सिनेमा २०१३ साली लागला तेव्हा ती कादंबरी मागायला आलेल्यांना मी परतीच्या वेळी हळूच अमर विश्वास द्यायचे.

राहिली शोधणाऱ्यांची जात. मी त्यातली. आणि माझ्या मते वेळ घालवण्याचा आरोप तिथे मुळीच लागू होत नाही.

१९२० ते १९४० या काळात इंग्लंडमध्ये या लेखनाचे जवळजवळ कायदेच झाले. रोनाल्ड नॉक्स हे पाद्री. त्यांनी १९२९ साली दहा नियम लिहिले. गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच दिसला पाहिजे, भुताखेताने उलगडा करायचा नाही, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या किंवा भुयारं नकोत, गुप्तहेराला मिळालेला दुवा वाचकालाही लगेच दिसला पाहिजे. एक भुयार चालेल, दोन नाही, हे मला फार आवडतं. या सगळ्यामागे एकच अट आहे: वाचकाशी कपट करा, पण खोटं बोलू नका. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर ठेवा आणि तरी त्याला दिसू देऊ नका.

हे जमतं कसं, ते ख्रिस्तीकडून शिकावं. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करण्याचं काम करत होती. तिथेच तिला विषांची माहिती झाली आणि १९२० साली आलेल्या पहिल्याच कादंबरीत तिने ती वापरली. पुस्तकांत विषप्रयोग इतके का, याचं उत्तर त्या औषधांच्या बाटल्यांत आहे. पण तिची खरी करामत विषात नाही, वाक्यात आहे. १९२६ साली रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी आली आणि शेवट वाचून लोक दोन तट करून भांडले. अजूनही भांडतात, आमच्याकडे एक आजोबा “ही शुद्ध फसवणूक आहे” म्हणून ते पुस्तक टेबलावर आपटून गेले होते. मी त्यांना एवढंच म्हटलं, “काका, पहिली प्रकरणं परत वाचा.” ते रागारागाने घेऊन गेले. परत आले तेव्हा पुस्तक हळू ठेवलं, बोलले काही नाही, आणि ख्रिस्तीचं आणखी एक मागितलं.

माझी कसोटी तीच आहे. शेवट कळल्यावर पुस्तक पुन्हा वाचावंसं वाटतं का? वाईट रहस्यकथा शेवट कळला की मेलेली असते. चांगली तिथून सुरू होते. पहिल्या वाचनात आपण खुनी शोधतो, दुसऱ्या वाचनात लेखक. कुठल्या ओळीवर त्याने आपली नजर दुसरीकडे वळवली? मोलकरणीचं ते निरर्थक वाटलेलं वाक्य प्रत्यक्षात काय सांगत होतं? अशा वाचनाला वेळ लागतो, पण तो वाया जात नाही. दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या कादंबरीपेक्षा कादंबरी कशी बांधतात हे मला इथे जास्त कळलं.

आणि माहितीचं म्हणाल, तर एक खरी घटना. १९७७ साली कतारहून एका अगदी लहान मुलाला लंडनच्या रुग्णालयात आणलं होतं. आजार काय, कुणालाच कळेना. तिथली एक परिचारिका त्याच वेळी ख्रिस्तीची १९६१ सालची कादंबरी वाचत होती. मुलाचे केस गळताना पाहून तिला कादंबरीतली लक्षणं आठवली आणि तिने डॉक्टरांना थॅलियमची तपासणी करायला सुचवलं. निदान बरोबर निघालं, मूल वाचलं. कादंबरीचं नाव मी मुद्दाम घेत नाही. विष कोणतं हे सांगून बसलेच आहे, नाव घेतलं तर तुमच्यासाठी पुस्तकच संपेल.

नाव न घेण्याची ही सवय टेबलावर लागली. रहस्यकथांच्या प्रतींवर पेन्सिलीने “खुनी = डॉक्टर” असं पहिल्याच पानावर लिहिणारी माणसं प्रत्येक वाचनालयात असतात. खोडरबर माझ्या खणात कायम असतो. त्यातले काही तर चुकीचं नाव लिहून ठेवतात, आणि त्यांच्याबद्दल मला चक्क आदर वाटतो. शेवटचं पान फाडून नेणारे मात्र वेगळे. त्यांना काय हवं असतं, हे मला कधी उलगडलेलं नाही.

शेवट आधी कळला तर मजा जाते का, यावर २०११ साली कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. वाचकांना लघुकथा दिल्या, त्यात रहस्यकथाही होत्या. काहींना शेवट आधीच सांगितला. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा थोड्या जास्तच आवडल्या. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, दुसऱ्या वाचनाची गोष्ट मी वर सांगितलीच. पण म्हणून कुणी माझ्याकडून शेवट काढून घेऊ शकणार नाही. दुसरं वाचन ज्याला हवं आहे त्याने पहिलं स्वतः करावं. ज्यांना अगदीच धीर नाही, त्यांच्यासाठी उलट्या बांधणीच्या कथा आहेत: खुनी कोण हे पहिल्याच प्रकरणात दिसतं, पुढे तो सापडतो कसा हे बघायचं. ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ साली हा प्रयोग केला. आजचे त्यातले उस्ताद म्हणजे जपानचे केइगो हिगाशिनो. २००५ सालच्या त्यांच्या कादंबरीत खून, खुनी आणि मदत करणारा सगळे सुरुवातीलाच समोर येतात, आणि तरी शेवटच्या पानांत पायाखालची जमीन सरकते. गणिताची आवड असलेल्यांना मी आधी तेच देते.

आता तुमच्या मुलीबद्दल. सातवीत आहे म्हणजे अगदी योग्य वय. झुंजारपासून सुरुवात करू नका, ती भाषा आणि तो काळ तिला लांबचा वाटेल. पुढे कधी तरी आपणहून वाचेल. फास्टर फेणे घरात असेलच, नसेल तर आणा. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा पोरगा गुप्तहेर नाही, पण नाक खुपसल्याशिवाय त्याला राहवत नाही, आणि मराठी इतकी चपळ की मुलं मोठ्याने वाचतात. त्यानंतर फेलूदा. अशोक जैन यांनी तो मराठीत छान आणला आहे. राय यांनी १९६५ पासून या गोष्टी ‘संदेश’ या मुलांच्या मासिकासाठी लिहिल्या, त्यामुळे रक्त-मारामारी बेताची आणि कोडं मात्र पक्कं. एका गोष्टीत फेलूदा मूर्तिचोरांच्या मागावर थेट वेरूळला येतो. ती वाचून मग लेणी पाहायला न्या, मूर्तींकडे बघण्याची तिची नजर वेगळी असेल. त्यापुढे होम्स, भालबा केळकरांची भाषांतरं जुनी झाली असली तरी वाचनीय आहेत. ख्रिस्ती नववी-दहावीपर्यंत थांबू शकते.

एक करा. गोष्ट शेवटाकडे आली की पुस्तक तिच्या हातातून घ्या आणि विचारा, तुला कोण वाटतं? आणि कशावरून? ‘कशावरून’ महत्त्वाचं. नुसता अंदाज बरोबर आला तर शाबासकी देऊ नका, पुरावा मागा. आमच्याकडच्या बालविभागात मी हे करते तेव्हा मुलं मागची पानं उलटून ओळी शोधू लागतात. शाळेत उताऱ्यावरचे प्रश्न सोडवताना हीच मुलं जांभया देत असतात.

तिला गोडी लागली तर दिवाळीत ‘धनंजय’ आणि ‘चंद्रकांत’ हे अंक आणा. आमच्या दिवाळी अंक योजनेत ज्यांची मुखपृष्ठं सगळ्यात आधी सुटतात, त्यांत हे असतातच.

शेवटी एक विनंती, प्रश्नात नसली तरी. मराठीत सर्वाधिक वाचली गेलेली ही पुस्तकं सर्वात कमी उरली आहेत. हलका, वर्तमानपत्री कागद, तारेची शिलाई, खिशात मावेल एवढा आकार. ती चालायची भाड्याने पुस्तकं देणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानांत. दुकान बंद झालं की गठ्ठे रद्दीत. मोठ्या वाचनालयांनी एक तर ती घेतलीच नाहीत, किंवा घेतली तर दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेलं पुस्तक क्रमांक देऊन नोंदायच्या वहीत, न चढवता नुसती वापरली आणि फाटली तशी काढून टाकली. ज्यांची दाखलनोंद नाही त्यांचं निर्लेखनही, म्हणजे यादीतून काढून टाकल्याची नोंदही, कागदावर होत नाही. ती होती याचाच पुरावा उरत नाही. एखाद्या अभ्यासकाने अर्नाळकरांच्या पन्नासच्या दशकातल्या पाच पुस्तकांच्या मूळ प्रती मागितल्या, तर मला चार ठिकाणी फोन करावे लागतात.

तेव्हा आजोळच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशी पुस्तकं सापडली, तर मुखपृष्ठं गेली असली तरी टाकू नका. कसर लागली असेल तर एकेक पान मऊ ब्रशने झटका, उन्हात तापवू नका, कागद आणखी कडक होऊन तुटतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात लावू नका. काही वर्षांनी तो पिवळा पडतो आणि अक्षरं घेऊनच सुटतो. सुटी पानं क्रमाने लावून सुती नाडीने बांधा आणि जवळच्या जिल्हा किंवा तालुका वाचनालयात नेऊन द्या. देताना ती कुणाची होती, कुठल्या गावात, कुठल्या दुकानातून आणलेली, हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा, आणि समोर बसून दाखल क्रमांक टाकून घेतल्याशिवाय उठू नका.